जुना कच्चा पु-अर : घोट, घसा आणि ओल

प्रश्न : '२००५चा कच्चा पु-अर' म्हणून २५ ग्रॅम चहा मागवला. नेहमीसारखा पाच मिनिटं उकळला, तर काळाकुट्ट आणि कडूजहर झाला. चहाच खराब आहे का? (पुणे)

चहावर शिक्का मारण्याआधी पद्धत बदलून बघा. पु-अर हा चीनच्या युनान प्रांतातला, बहुतेकदा दाबून चकत्या केलेला आणि वर्षानुवर्षं मुरवलेला चहा; 'कच्चा' म्हणजे झटपट न पिकवता सावकाश मुरू दिलेला. तो एकदाच उकळून संपवायचा नसतो. भरपूर पत्ती, थोडं पाणी आणि काही सेकंदांचा वेळ, असा तो दहा-बारा वेळा उतरवतात. साधारण १०० मिलि पाणी मावेल असं झाकणाचं छोटं भांडं घ्या. चीनमध्ये त्यासाठी गायवान वापरतात, पण पातळ चिनी मातीची वाटी आणि वर बशी एवढ्यावरही भागतं. चहा ६ ते ७ ग्रॅम, आणि तो काट्यावर मोजूनच. दाबलेला तुकडा दिसतो चिमुकला आणि भरतो दहा ग्रॅम; निम्म्या तक्रारी इथूनच सुरू होतात.

भांडं आधी गरम करा. पत्तीवर उकळतं पाणी ओतून पाच सेकंदांत ते टाकून द्या. तुकडा घट्ट असेल तर आणखी एकदा. मग झाकण लावून मिनिटभर थांबा. वाफेने आतले थर सुटतात. ही पायरी गाळली की पहिले दोन कप पाणचट निघतात आणि तुकडा आतून उकलला की चौथा एकदम अंगावर येतो. पहिले तीन-चार कप ८ ते १० सेकंदांचे, पाचवा-सहावा २० सेकंदांचा, पुढे अर्धं मिनिट, एक मिनिट, शेवटी तीन मिनिटंही चालतात. प्रत्येक वेळी पाणी पूर्ण निथळून काढा. तळाशी चमचाभर राहिलं तरी पुढचा कप तुरट होतो.

पाणी उकळतंच हवं. हिरव्या चहाला ८० अंशांचं पाणी देतात, तसं इथे दिलं तर वीस वर्षं मुरलेली पत्ती मोकळीच होत नाही. बोअरच्या जड पाण्यातही सगळा चहा मुका वाटतो.

आता चव. लहान घोट घ्या, जिभेवर पसरू द्या, गिळा, आणि दहा-पंधरा सेकंद काहीच करू नका. या चहाचं खरं मोल गिळल्यानंतर कळतं. कडवटपणा येऊन विरला पाहिजे, जिभेखाली लाळ सुटली पाहिजे आणि घशातून गोडवा वर आला पाहिजे. चिनी लोक याला 'हुई गान', म्हणजे परतून येणारा गोडवा, म्हणतात. आवळा खाऊन वर पाणी प्यायल्यावर जे होतं, त्याच जातीचं हे. नाकाला जुनं लाकूड, खजूर, कधी कापूर जाणवेल. पण तुरटपणा कच्च्या सुपारीसारखा जिभेला धरून बसला आणि सुटलाच नाही, तर पत्ती मुळात सुमार आहे किंवा अजून मुरलेली नाही.

प्रश्न : माझ्या चहाला बंद कपाटासारखा वास येतो. हे जुनेपण की बुरशी? (ठाणे)

वेष्टनावरच्या सालापेक्षा चहा कुठे मुरला याला जास्त महत्त्व आहे. युनानची राजधानी कुनमिंगच्या कोरड्या हवेत कच्चा पु-अर सावकाश मुरतो. वीस वर्षांनीही त्यात तरतरीतपणा आणि थोडी धार उरते. हाँगकाँगच्या जुन्या पद्धतीत तो आधी दमट गोदामात ठेवत आणि नंतर हवेशीर जागी हलवत. तो लवकर गडद होतो, मऊ लागतो आणि त्याला ओल्या मातीचा, तळघराचा वास येतो. हा दोष नव्हे. चकती फोडून चहा कागदी पाकिटात किंवा झिलई नसलेल्या मातीच्या बरणीत दोन ते चार आठवडे ठेवा. गोदामाचा वास विरतो.

बुरशीचा वास विरत नाही. तो आंबूस असतो, घशाला टोचतो, आणि फोडलेल्या चकतीच्या आत पांढरे, हिरवे किंवा काळे केसाळ ठिपके दिसतात. असा चहा झटकून, धुऊन पिऊ नका. बुरशीची विषं उकळत्या पाण्याने जात नाहीत. कितीही महाग असला तरी फेकून द्या.

प्रश्न : दूध-साखर घालावी का? (नाशिक)

नको. दुधातली प्रथिनं तुरट घटकांना बांधून ठेवतात आणि साखर परतणारा गोडवा झाकते. मग हा चहा घेण्यात अर्थ उरत नाही.

प्रश्न : विकणारा सांगतो ते वय खरं कसं मानायचं? (डोंबिवली)

निथळलेली पत्ती पांढऱ्या बशीत पसरा. कच्च्याची जुनी पत्ती तपकिरी असते, पण बोटांनी उलगडते आणि लवचिक राहते. पिकवलेल्या, म्हणजे 'शू' पु-अरची पत्ती काळपट असते आणि चोळली की बऱ्याचदा चिखल होते. ढीग ओला ठेवून काही आठवड्यांत पिकवण्याची ती पद्धत १९७३च्या सुमारास कुनमिंगच्या कारखान्यात विकसित झाली. तो चहा वाईट नाही, फक्त जुना कच्चा म्हणून विकला जाऊ नये. कच्च्याच्या रंगात नारिंगी-लाल झाक आणि पारदर्शकता हवी. गढूळ, शाईसारखा कप दिसला की सावध व्हा.

आकड्यांनीही फसू नका. ७५४२ या प्रसिद्ध मिश्रणातले ७५ म्हणजे कृती ठरल्याचं साल, ४ पत्तीची प्रत आणि २ मंगहाय कारखाना. चकती १९७५ची आहे असा त्याचा अर्थ होत नाही. ३५७ ग्रॅमची अख्खी चकती घेण्याआधी नमुना मागवा.

प्रश्न : कोकणातल्या पावसाळ्यात चकती कशी जपायची? (रत्नागिरी)

आर्द्रता ६० ते ७० टक्के राहील असं बघा. ७५च्या वर दीर्घकाळ गेली की बुरशीची भीती. दहा-बारा चकत्या जमवण्याआधी आर्द्रतामापक घ्या. मे महिन्यात, हवा त्यातल्या त्यात कोरडी असेल त्या दिवशी, चकती तिच्या कागदासकट जाड, हवाबंद पिशवीत घाला. सोबत ६५ टक्के ओल राखणारी पुडी ठेवा आणि दसऱ्यापर्यंत पिशवी विनाकारण उघडू नका. आधीच दमट झालेली चकती बंद केली, तर बुरशी आतल्या आत वाढते. नागपूरच्या उन्हाळ्यात नेमकं उलटं: चहा सुकतो, मुरणं थांबतं. तिथेही हीच पुडी कामाला येते.

फ्रिज नकोच. स्वयंपाकघर, देवघर आणि डांबराच्या गोळ्यांचं कपाटही नको. हिंग, उदबत्ती, डांबर: चहा हे सगळं शोषून घेतो, आणि शोषलेला वास पुढे प्रत्येक कपात येतो.