दूध ओतून देण्याआधी एकदा विचारायचं होतंस

बाळा,

तुझा मेसेज काल रात्री वाचला. दही लागलंच नाही म्हणून अख्खं एक लिटर दूध सिंकमध्ये ओतलंस आणि वर लिहिलंस की घरी करून काय वाचतं, उलट वायाच गेलं. वाईट वाटलं गं. दुधाचं वाटलंच, पण आता तू परत करणार नाहीस असं त्या मेसेजच्या सुरावरून दिसत होतं त्याचं जास्त. म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

विरजण घातलंस तेव्हा दूध किती गरम होतं? माझा अंदाज, घाई झाली. विरजणातले जीवाणू जिवंत असतात, मुख्यतः दोन जातींचे, लॅक्टोबॅसिलस बल्गेरिकस आणि स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, त्यांना ४० ते ४५ अंश सेल्सिअसची ऊब मानवते आणि ५५ च्या वर गेलं की ते मरायला लागतात, मग ते दूध तू रात्रभर ठेव नाहीतर दोन दिवस, दही कुठून होणार. थर्मामीटर नसला तरी चालतं, धुतलेली करंगळी बुडव, दहा आकडे मोजेपर्यंत बोट आत ठेवता आलं आणि तरी ऊब चांगली जाणवत असेल तर विरजण घाल. बोट पटकन काढावंसं वाटलं तर थांब.

पण त्याआधी दूध नीट तापवायला हवं, नुसतं कोमट करून भागत नाही. ८५ अंशांपर्यंत न्यायचं, म्हणजे उकळी फुटायच्या जरा आधी, आणि मंद आचेवर दहाएक मिनिटं तसंच ठेवायचं. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं मग परत कशाला तापवा असं सगळे विचारतात, मीही विचारलं होतं. तर इतक्या उष्णतेला दुधातली व्हे प्रोटीनं, म्हणजे निवळीत उतरणारी प्रथिनं, उलगडतात आणि केसीन या दुधातल्या मुख्य प्रथिनाला चिकटतात, त्यामुळे दही घट्ट लागतं आणि पाणी कमी सुटतं. ही पायरी गाळली की दही पातळ होतं आणि मग आपण दुधाला नावं ठेवतो.

विरजण लिटरला एक मोठा चमचा, बास. जास्त घातलं तर जास्त घट्ट होईल असं वाटतं पण तसं होत नाही, लवकर आंबट होतं आणि रवाळ लागतं. आधी वाटीभर दुधात ते छान घोटून घे, मग बाकीच्या दुधात मिसळ, भांडं टॉवेलात गुंडाळून बंद ओव्हनमध्ये ठेव किंवा सरळ मोठ्या तोंडाच्या थर्मासमध्ये ओत. आणि मग हात लावू नकोस! सारखं झाकण उघडून हलवून बघितलं की लागत आलेलं दही मोडतं. ५ ते ८ तासांत होतं, भांडं हळूच कललं की कडेपासून सुटल्यासारखं दिसलं पाहिजे, की लगेच फ्रिजमध्ये, कारण बाहेर राहिलं तर आंबटपणा वाढतच जातो. दही लावायचं मशीन घ्यायचा विचार तूर्त डोक्यातून काढ, त्या पैशात किती दूध येईल बघ.

पहिलं विरजण साध्या, बिनसाखरेच्या दह्याचं घे. काही विकतची दही खूप टिकावीत म्हणून तयार झाल्यावर परत तापवलेली असतात, त्यात जिवंत काही उरत नाही, पाकिटावर तसं लिहिलेलं आहे का वाच. आणि नवं दही झालं की खायच्या आधी एक चमचा छोट्या स्वच्छ डबीत काढून ठेवायचा, हे विसरलीस की पुन्हा विकत आणणं आलं. बऱ्याच वेळा तेच विरजण फिरवलं की ते हळूहळू कमजोर होतं, दही उशिरा लागतं, तार सुटते, तेव्हा बदल. बुरशी दिसली तर वरवर काढून खाऊ नकोस, सगळं टाक.

आता बचतीचं. एक लिटर दुधाचं जवळजवळ एक लिटरच दही होतं, तेव्हा दुकानातल्या दह्याचा लिटरचा भाव काढ आणि दुधाच्या भावाशेजारी लिहून ठेव, हिशोब तुझा तुलाच कळेल. चक्का हवा असेल तर फडक्यात बांधून फ्रिजमध्ये टांग, निम्म्याच्या आसपास उरतो. खाली जी निवळी साचते ती फेकू नकोस हं, पाण्याऐवजी कणीक मळायला किंवा सूपमध्ये वापर. त्याच चक्क्यात मीठ, लसूण, मिरपूड घातली की डिप तयार, ज्याच्या छोट्या डबीला दुकानात भरपूर पैसे पडतात. आणि सुरुवात अर्ध्या लिटरने कर, बिघडलं तर कमी बिघडेल.

खाऊचं म्हणशील तर आधी पॉपकॉर्न शिक, त्याच्याइतकं स्वस्त काही नाही. दाण्याच्या आत साधारण १४ टक्के ओलावा असतो, तो १८० अंशांच्या आसपास वाफेच्या दाबाने दाणा फोडतो, त्यामुळे उघड्या पुड्यातले वाळलेले दाणे फुटत नाहीत आणि आपण त्यांना कचऱ्यात टाकतो. टाकू नकोस, बरणीत चमचाभर पाणी घाल, हलव, दोन-तीन दिवस झाकून ठेव आणि मग करून बघ. मीठ मिक्सरमध्ये बारीक करून घातलं तर चिकटतं, जाड मीठ तळाशी जातं.

छोले भिजवून उकडून ओव्हनमध्ये भाजायचे तर आधी फडक्यावर पूर्ण कोरडे कर, ओले राहिले तर कितीही भाजले तरी मऊच. तिखट-मसाला शेवटी, नाहीतर करपून कडू होतो. शिळ्या ब्रेडच्या कडांचेही असेच तुकडे भाजता येतात.

हे सगळं डब्यात भरताना पूर्ण गार झालेलं हवं. कोमट असताना झाकण लावलं की आतच वाफ धरते आणि सकाळी सगळं सादळलेलं. सादळलेलं परत भाजलं की सुधारतं, पण शेंगदाण्यासारखं तेलकट काही खवट झालं तर ते सुधारत नाही, म्हणून शेंगदाणे आठवड्यापुरतेच भाज.

आणि त्या दुधाचं, पुढच्या वेळी ५-६ तासांत लागलं नाही पण चव किंचित आंबट झालेली असेल तर भांडं गरम पाण्यात ठेव आणि अजून दोन-तीन तास दे, बऱ्याचदा लागतं. रात्रभर कोमट राहूनही आंबटपणाचा पत्ता नसेल तर मात्र ओत, तिथे जीव अडकवायचा नाही.

शनिवारी परत लाव. दूध किती गार केलंस, विरजण कुठलं आणि किती वाजता घातलंस तेवढं लिहून ठेव आणि सकाळी भांड्याचा फोटो पाठव.