पहिला ड्राफ्ट: पिचर की हिटर?

आउट ऑफ द पार्क या बेसबॉल मॅनेजमेंट गेममधला पहिलाच ड्राफ्ट (संघांनी पाळीपाळीने खेळाडू निवडणं) असेल, तर सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्यांत बिनधास्त हिटर, म्हणजे बॅटिंग करणारे, घ्या. रोजचा हिटर सीझनच्या 162 पैकी बहुतेक सामने खेळतो. स्टार्टिंग पिचरची (सामन्याच्या सुरुवातीपासून चेंडू टाकणाऱ्याची) पाळी साधारण पाच दिवसांतून एकदा येते, आणि त्याचं कोपर कधी दगा देईल याचा नेम नसतो. वॉशिंग्टन नॅशनल्सनी 2009 मध्ये पहिल्या क्रमांकावर स्टीफन स्ट्रासबर्ग घेतला. जून 2010 मध्ये त्याने पदार्पण केलं आणि सप्टेंबरमध्ये त्याच्या कोपरावर टॉमी जॉन शस्त्रक्रिया झाली. पुढे 2019 च्या वर्ल्ड सिरीजचा (अंतिम मालिकेचा) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू, तोच होता, त्यामुळे पिचर वर्ज्य नाहीत. फक्त धीर लागतो. गेममध्येही हेच घडतं.

गेम नव्याने खेळणारे हमखास चुकतात ते इथे:

- पिचरचा नुसता वेग बघून भुलतात. कंट्रोल बघा, स्टॅमिना बघा. तिसरा पिच (चेंडू टाकायचा तिसरा प्रकार) कामाचा नसेल, तर तो बहुधा रिलीव्हरच, म्हणजे सामन्यात नंतर बदली येणारा पिचरच, होणार.
- रिलीव्हर लवकर उचलतात. ते नंतरही मिळतात.
- फर्स्ट बेसवाल्याच्या पॉवरवर भाळतात. बॅटिंग तेवढीच असेल तर शॉर्टस्टॉप किंवा सेंटर फील्डर घ्या, या फील्डिंगच्या अवघड जागा आहेत. त्याला नंतर सोप्या जागी हलवता येतं, उलटं होत नाही.

मधल्या फेऱ्यांपासून पिचर भरपूर घ्या, कारण त्यातले बरेच गळणारच. ट्रेड (खेळाडूंची अदलाबदल) आणि पार्क फॅक्टर (मैदानाचा धावांवर होणारा परिणाम) पहिल्या सीझननंतर बघू. तुमचा पहिला पिक कितवा आहे?