हिप्पी म्हणजे नुसते गांजा ओढून पडून राहणारे लोक होते, की त्यांचं काही तत्त्वज्ञान होतं?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की गोव्यातल्या जुन्या लोकांनी सांगावं, आणि त्यांच्या संगीताबद्दलही सांगावं. मी हणजूणची, जन्म १९६३ चा. आमच्या पडवीलगतच्या खोलीत तीन हिवाळे हिप्पी राहिले. "पडून राहणारे" हे वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहिते.

बाबा रेंदेर होते, माडाची ताडी (आम्ही तिला सूर म्हणतो) काढणारे. १९७२ साली सूर काढताना माडावरून पडले आणि गेले. मागे आई, दादा आणि मी. आई गोधड्या शिवायची, पण त्यात घर चालत नव्हतं. पुढच्या वर्षी तिने ती खोली भाड्याने दिली, महिन्याला ६० रुपये. वाड्यावर खूप बोलणी झाली. ज्यांनी ती केली त्यांनीही पुढच्या दिवाळीपर्यंत आपापल्या खोल्या सारवून तयार ठेवल्या होत्या.

१९७४ च्या नोव्हेंबरात एक अमेरिकन मुलगी आली. पंचविशीची, अंगाने काडी, म्हणून आई तिला बारकी म्हणायची. इस्तंबूल, काबूल, लाहोर असं करत बसने आली होती. तेव्हा तो रस्ता खुला होता. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, अफगाणिस्तानात रशियन फौजा घुसल्या आणि तो बंद पडला. बारकी दुसऱ्याच दिवशी आईसमोर जमिनीवर येऊन बसली आणि तिने सुई मागितली. आईला वाटलं, गंमत करते आहे. गंमत नव्हती. जुन्या लुगड्यांचे थर अंथरायचे, एकही सुरकुती ठेवायची नाही, कडेने धावदोरा घालत आत आत यायचं. पहिले चार दिवस आईने तिचे टाके संध्याकाळी उसवून टाकले आणि ती सकाळी पुन्हा तिथूनच सुरू करायची. बोटांना भोकं पडली तेव्हा चिंधी गुंडाळून शिवत बसली. मध्ये उठायची ती फक्त पेजेला. आमची उकड्या तांदळाची पेज आणि तोर (कैरी) हे तिला पक्वान्न वाटायचं. पाचव्या दिवशी आईने टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "तिचो हात बरो आसा." माझ्या टाक्यांना आईने एवढं कधी म्हटलं नाही.

जानेवारीत बारकीने पिशवीतून एक जाड हिरवा सदरा काढला. तिच्या भावाचा, अमेरिकन लष्करातला. तो व्हिएतनामहून जिवंत परत आला, पण बोलणं सोडून आला. तिच्या मोडक्या कोकणीतून आणि माझ्या शाळकरी इंग्रजीतून मला एवढंच कळलं. तो सदरा तिला गोधडीत घालायचा होता. आई आधी नको म्हणाली, इतक्या जाड कापडातून सुई जायची नाही. मग स्वतःच कातर घेऊन बसली. तीन सुया मोडल्या. पाठीचं कापड बारकीच्या गोधडीत गेलं आणि एक खिसा, बटणासकट, आईने आमच्या गोधडीच्या कोपऱ्याला लावला.

तुम्ही तत्त्वज्ञान विचारता, त्याची सुरुवात माझ्या मते त्या सदऱ्यापाशी आहे. १९६९ साली व्हिएतनाममध्ये अमेरिकेचे ५ लाखांवर सैनिक होते. सक्तीची भरती १९७३ पर्यंत चालली. नोकरी, घर, गाडी, आणि सरकारने बोलावलं की लढाईवर जायचं, असं आखून दिलेलं आयुष्य त्या पोरांनी नाकारलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या हेट-अ‍ॅशबरी भागात १९६७ च्या उन्हाळ्यात लाखाच्या आसपास तरुण जमले होते, बारकी त्यांतलीच. तिथे डिगर्स नावाचा गट बागेत लोकांना फुकट जेवू घालायचा आणि सगळं फुकट देणारं दुकान चालवायचा. त्याच जूनमध्ये तिथे फुकट दवाखाना उघडला. ऑक्टोबरात वर्तमानपत्रांनी आणि व्यापाऱ्यांनी चालवलेल्या तमाशाला कंटाळून त्यांनीच रस्त्यातून शवपेटी नेली आणि हिप्पी मेला असं जाहीर केलं. ज्यांना फक्त झिंगायचं असतं ते एवढ्या खटपटी करत नाहीत.

मी पुढे परिचारिका झाले, म्हणून एक गोष्ट सांगतेच. १९७१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून बसगाड्यांतून निघालेल्या हिप्प्यांनी टेनेसीमध्ये 'द फार्म' नावाची वसाहत वसवली. सोयाबीन पिकवायचे, मांस खायचे नाहीत, बाळंतपणं स्वतः करायचे. बाळाचं डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला, तर बाईला हातगुडघ्यांवर ओणवं करतात. ही युक्ती तिथल्या इना मे गास्किन या सुईणीच्या नावाने ओळखली जाते. ती स्वतः सांगते की हे ग्वाटेमालातल्या सुईणींकडून आलेलं आहे. मला हे वाचताना आईच्या समोर बसलेली बारकी आठवली. ज्या बायकांना कुणी विचारत नाही त्यांच्यापुढे बसून शिकायचं, हे या लोकांना जमत होतं. आपल्या शिकलेल्यांना आजही जमत नाही.

संगीताचं मला थोडंच सांगता येईल. किनाऱ्यावर गिटार, बासरी, ढोलकं, आणि पौर्णिमेला रात्रभर जागरण. ते धडधडणारं ट्रान्स संगीत नंतरचं, त्याचं मूळ ऐंशीच्या दशकात. पंडित रविशंकर आणि अल्लारखाँसाहेब अमेरिकेतल्या मोठ्या संगीतमेळ्यांत, १९६७ ला माँटेरेला आणि १९६९ ला वुडस्टॉकला, वाजवून आले. नशेत संगीत ऐकणं पंडितजींना मुळीच पसंत नव्हतं आणि त्यांनी ते उघडपणे बोलून दाखवलं. त्यांचं म्हणणं बरोबरच होतं.

आता जे आधी सांगायला हवं होतं ते. किनाऱ्यावर नागडे फिरायचे, त्यामुळे आमच्या वाड्यावरच्या बायकांनी त्या बाजूला तिसऱ्या (शिंपल्या) काढायला जाणं सोडलं. किनारा आमचा होता, त्यांनी आम्हाला विचारलं नाही. याला मी तत्त्वज्ञान म्हणणार नाही. आणि नशा होतीच. चरस, एलएसडी, पुढे ब्राउन शुगर, म्हणजे हलकं हेरॉइन. मादक पदार्थांचा कडक कायदा १९८५ चा, तोवर काही जण संपलेही होते. दंडावर गळवं झालेली, पासपोर्ट विकलेली, आईचं नावसुद्धा न आठवणारी गोरी पोरं मी वॉर्डात साफ केली आहेत. त्यामुळे कुणी हे वाचून चिलमीचं समर्थन काढू नये.

पण गाव हिप्प्यांनी बुडवलं हे मला मान्य नाही. त्यांच्याकडे विकत घ्यायला पैसे नव्हते. बुधवारचा बाजार सुरू झाला तोच परतीच्या खर्चासाठी कॅमेरे नि जीन्स विकण्यातून. डोंगर आणि शेतं विकली ती आपल्या माणसांनी, नंतर, आणि दुसऱ्यांना.

१९८६ मध्ये मला सावंतवाडीकडचं एक स्थळ आलं. पत्रिका जुळली, पसंती झाली, आणि गावाचं नाव ऐकल्यावर निरोप आला की हिप्प्यांच्या गावची मुलगी नको. दादा त्या दिवशी आईला म्हणाला, "तू खोली दिलीस म्हणून हे." आई पेटीतला दोरा गुंडाळत राहिली, काही बोलली नाही. नंतर लग्न झालं, चांगलं झालं, पण ते वाक्य घरात राहिलं. आजही गणपतीला सगळे जमलो की दादा नातवंडांना तेच सांगतो, हिप्पी म्हणजे आळशी लोक.

दादा, तुझा मुलगा हे तुला वाचून दाखवेल. म्हापशाच्या कॉलेजात तू शिकलास ते त्या ६० रुपयांवर. बारकीने बुधवारी दोन गोधड्या विकल्या, त्यातले अर्धे पैसे तिने आईच्या हातात मोजून दिले. तुझी परीक्षेची फी त्यातून गेली. मी तेव्हा तिथेच बसले होते. आईला जाऊन बारा वर्षं झाली. यंदा गणपतीला मी ती खिशाची गोधडी घेऊन येणार आहे. नातवंडांसमोर तुझ्या हातात देईन. मग सांग त्यांना, कोण आळशी होतं.