वायरलेस सेन्सरचं प्रोजेक्ट घेऊ की सोडू?

प्रश्न : मी नाशिकला ई अँड टीसी (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सरांनी शेवटच्या वर्षासाठी 'वायरलेस सेन्सर नेटवर्कचं आयुष्य वाढवणं' हा विषय सुचवलाय, म्हणजे तारेविना एकमेकांना मेसेज पाठवणारे बॅटरीवरचे छोटे सेन्सर (नोड) जास्त दिवस चालवणं. मैत्रिणी म्हणतात, यात नोकरी नाही, एआय घे. घरची निफाडला द्राक्षबाग आहे. काय करू?

उत्तर : विषय सोडू नकोस, पण नुसत्या सिम्युलेशनवर, म्हणजे संगणकावरच्या आभासी चाचणीवर, भागवूही नकोस. २००० साली एमआयटीतून आलेला 'लीच' प्रोटोकॉल (नोडनी मेसेज कसे पाठवायचे याचे नियम) घ्यायचा, थोडा बदल करून आलेख काढायचा, असे रिपोर्ट ढिगाने होतात. लीचची कल्पना चांगलीच आहे. गटप्रमुख नोड आळीपाळीने बदलतो, त्यामुळे एकाच बॅटरीवर भार येत नाही. ती समजून घेच. पण मुलाखतीत वजन पडतं ते सर्किट बोर्डावर स्वतः करंट मोजल्याचं.

हिशेब बघ. नोडमधला मेसेज पाठवणारा रेडिओ चालू असताना साधारण २० मिलिअँपिअर खातो. काही न पाठवता नुसता ऐकत बसला तरी जवळपास तेवढाच. २४०० मिलिअँपिअर-अवरचे पेन्सिल सेल १२० तासांत, म्हणजे पाच दिवसांत संपले. तोच शंभरातला एक सेकंद जागा ठेवलास तर कागदावर ५०० दिवस निघतात. प्रत्यक्षात कमीच भरतात. झोपेतला करंट, सेन्सरचा खर्च, सेलची आपोआप होणारी झीज, यातलं नेमकं काय किती खातं ते शोधणं हेच लो-पॉवर एम्बेडेडचं, म्हणजे कमी विजेवर चालणाऱ्या छोट्या उपकरणांचं काम. बॅटरीवर चालणारे पाण्याचे मीटर आणि ट्रॅकर बनवणाऱ्यांना हेच येणारी माणसं लागतात.

आणि तुझ्या घरी बाग आहे! पानांचा ओलावा मोजणारे चार-पाच नोड लाव. ऑक्टोबर छाटणीनंतर मांडव मोकळा असतो, रेंज छान मिळते. पुढे पानं भरली की २.४ गिगाहर्ट्झचा सिग्नल त्यांच्यातल्या पाण्यात जिरतो, मेसेज पुन्हा पुन्हा पाठवावा लागतो, बॅटरी उतरते. गेटवेजवळचा (सगळा डेटा गोळा करणाऱ्या यंत्राजवळचा) नोड सगळ्यांचे मेसेज पुढे पाठवतो, म्हणून तोच आधी बंद पडतो. डाऊनी (केवडा) रोगाच्या दृष्टीने रात्रीचं, पहाटेचं दव महत्त्वाचं. तेव्हा दर दहा मिनिटांनी मोज, कोरड्या दुपारी तासातून एकदा पुरे. हे बागेतल्या मुलीला चटकन कळेल.

एम्बेडेड सी (अशा उपकरणांसाठीची प्रोग्रामिंग भाषा) आणि डेटाशीट (चिपचं माहितीपत्रक) वाचणं आत्तापासून धर. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत इंटर्नशिपसाठी विचार; नोकऱ्या पुण्यात जास्त. संशोधन आवडलं तर एम.टेक.साठीची गेट परीक्षा दे. एआय नंतरही शिकता येईल.

सातवं सेमिस्टर आणि छाटणी एकत्रच येतात, तेव्हा नोड सप्टेंबरपर्यंत तयार ठेव.