जोसेफ नाइटच्या कागदांपासून सुरुवात करा

एडिनबर्गला नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड या सरकारी अभिलेखागारात कोर्ट ऑफ सेशनचे, म्हणजे स्कॉटलंडच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाचे, जुने कागद बघणार असाल, तर नुसत्या अर्जावरून मत बनवू नका. अर्ज म्हणजे एका बाजूची कैफियत. समोरच्याचं उत्तरही शोधून वाचा. सुरुवातीला जोसेफ नाइटचा खटला घ्या. जमैकात गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस स्कॉटलंडमध्ये मालकाविरुद्ध उभा राहिला आणि १७७८ मध्ये जिंकला. त्याचं निवेदन वाचताना मला आजही भरून येतं.

लग्न झालेल्या बायका बहुधा माहेरच्या आडनावानेच सापडतात. तारखाही जपून वाचा: स्कॉटलंडमध्ये १६०० पासूनच वर्ष १ जानेवारीला सुरू होतं, इंग्लंडमध्ये १७५२ पासून. आणखी जुन्या कागदांत शब्दांच्या स्पेलिंगमध्ये डब्ल्यू-एचच्या (wh) जागी क्यू-यू-एच (quh) दिसेल, गोंधळू नका.