सूचिपर्णी झाडं फक्त थंड डोंगरांवरच वाढतात का? नदीकाठी वाढणारं एखादं मोठं झाड आहे का?

आहे, आणि तेही उन्हाच्या देशात. मेक्सिकोचा राष्ट्रीय वृक्ष अवेवेते, शास्त्रीय नाव टॅक्सोडियम म्युक्रोनॅटम. मी वनस्पतिशास्त्र शिकवतो आणि हे माझं फार आवडतं झाड आहे. (आपल्या किनाऱ्यावरचा सुरू कोणी सुचवला तर सांगून ठेवतो, तो सूचिपर्णी नव्हेच.)

याची पानं हातात घेतली तर टोचत नाहीत. बारीक डहाळीच्या दोन्ही बाजूंनी ती पिसासारखी मऊ लागलेली असतात, आणि झडतात तेव्हा डहाळीसकट झडतात. साल तांबूस, तंतुमय.

वाहाका राज्यातल्या सांता मारिया देल तुले गावचा वृक्ष जगप्रसिद्ध आहे. बुंध्याचा व्यास 11 मीटरहून जास्त, उंची मात्र 35 मीटरच्या आसपास. ही अनेक झाडं एकत्र वाढली असावीत अशी शंका होती, पण जनुकीय तपासणीत एकच झाड निघालं. बुंध्यावरच्या गाठींत लोकांना हत्ती, सिंह दिसतात, आणि गावातली पोरं आरशाने कवडसा पाडून ते दाखवतात. ते जरूर बघावं. पण ते झाड आज चर्चच्या आवारात, कुंपणात उभं आहे. मुळात ती जागा दलदलीची होती. आता भूजल खाली गेलंय आणि झाडाला पाणी घालावं लागतं.

अवेवेतेचं खरं घर म्हणजे बाराही महिने वाहणाऱ्या नदी-ओढ्यांचा काठ. टेक्सासच्या दक्षिण टोकाला रिओ ग्रांदे नदीपासून ग्वाटेमालापर्यंत. भोवतीचा डोंगर रखरखीत, निवडुंगाचा असला तरी काठावर मुळं थेट पाण्यात सोडून ही झाडं ओळीने उभी असतात. केरेतारो राज्यात अमेआल्कोच्या घळीतली झाडं तर हजार वर्षांपलीकडची आहेत. त्यांच्या खोडातल्या वलयांवरून संशोधकांनी इ.स. 771 पासूनच्या पाऊसपाण्याचा, मोठमोठ्या दुष्काळांचा माग काढला.

एवढं दीर्घायुषी झाड, पण त्याची सुरुवात फार नाजूक. बी रुजायला ओला, उघडा गाळ लागतो आणि तो पूर आणून टाकतो. म्हणून धरण बांधलं किंवा शेतीसाठी नदी उपसली की जुनी झाडं काही काळ तग धरतात, पण त्यांच्या खाली नवी रोपं दिसेनाशी होतात. मला याची फार काळजी वाटते. तुलेच्या झाडाला नळाचं पाणी देता येतं, अख्ख्या नदीकाठाला कुठून देणार?