लुक्काची ‘मुरा’: भिंत, तट की तटबंदी?

प्रश्न असा आला आहे: इटलीतल्या तोस्काना प्रांतातल्या लुक्का शहराची माहिती मराठीत आणताना तिथल्या ‘ले मुरा’ला काय म्हणावं? विचारणाऱ्यांनी ‘शहराच्या भिंती’ असं लिहिलंय आणि ते त्यांचं त्यांनाच खटकतंय. शिवाय ‘बालुआर्दो’ला बुरूज म्हटलं तर चालेल का, अशी पुस्ती जोडली आहे.

खटकलं ते बरोबरच. ‘शहराच्या भिंती’ म्हटलं की मला तरी निवडणुकीच्या घोषणांनी रंगवलेल्या भिंती दिसतात. गावाभोवती असतो तो तट. गंमत म्हणजे इटालियनही हा भेद पाळते, तोही एकाच शब्दाच्या दोन अनेकवचनांमधून. ‘मुरो’ म्हणजे भिंत. साध्या भिंती असतील तर ‘ई मुरी’, पुल्लिंगी; शहराभोवतीच्या असतील तर ‘ले मुरा’, स्त्रीलिंगी. दुसऱ्या रूपात एकेक भिंत मोजायची नसते, सगळा वेढा मिळून एकच वस्तू. म्हणून मराठीत तिथे अनेकवचन नको: लुक्काचा तट. खोलीच्या भिंतीला तर इटालियनमध्ये तिसराच शब्द आहे, ‘पारेते’. आपल्याकडेही कूड वेगळा, गडगा वेगळा. कोकणात गडग्याला भिंत म्हणून बघा, लगेच कोणीतरी दुरुस्त करेल.

आता तट की तटबंदी? तट संस्कृत, बंदी फारसी, असा हा जोडशब्द. माझ्या कानाला तट ही वस्तू वाटते आणि तटबंदी ही तट, बुरूज, दरवाजे, खंदक मिळून झालेली सगळी व्यवस्था. तटावरून चालतात, तटबंदी उभारतात. एक सांभाळायचं. ‘लुक्काचे तट कधी पडले नाहीत’ असं लिहाल तर वाचक फसेल, कारण आपल्याकडे गावात तट पडतात ते भांडणाने. आणि तसे तट लुक्कातही पडले होतेच, मध्ययुगात ग्वेल्फ (पोपच्या बाजूचे) आणि गिबेलिन (सम्राटाच्या बाजूचे) असे.

बुरूज हा शब्द मात्र जरा जपून वापरावा लागेल. तो अरबी ‘बुर्ज’वरून आला. बुरूज म्हटल्यावर मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे गोल बुरूज येतो, आणि लुक्कातही जुने बुरूज तसेच होते. तिथला पहिला तट रोमनांचा. दुसरा मध्ययुगातला, तेराव्या शतकात पुरा झालेला; त्याचा सान जेर्वाझिओ दरवाजा दोन्ही अंगांच्या गोल बुरुजांसकट आजही उभा आहे. पुढे तोफा आल्या आणि गणित बदललं. उंच, पातळ तट तोफेपुढे टिकेना. शिवाय गोल बुरुजाच्या अगदी पुढ्यात थोडी जागा अशी राहते की शेजारच्या बुरुजावरून तिथे मारा पोचत नाही. शत्रू नेमका तिथे घुसून सुरुंग लावतो. म्हणून इटलीत बुरूज बाणाच्या टोकासारखे कोनदार झाले आणि तट बुटका, जाड, आतून मातीने भरलेला. लुक्काने फ्लॉरेन्सच्या धास्तीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला असा नवा तट बांधायला घेतला. तो पुरा व्हायला सतराव्या शतकाचा मध्य उजाडला. लांबी जवळपास सव्वाचार किलोमीटर, उंची सुमारे १२ मीटर, पायथ्याशी रुंदी सुमारे ३० मीटर. एवढं करून त्याला वेढा कोणी घातलाच नाही!

तेव्हा बालुआर्दोला ‘कोनदार बुरूज’ म्हणा. हा प्रकार आपल्याला अगदीच अनोळखी नाही. वसईच्या किल्ल्यात पोर्तुगीजांनी बांधलेले बुरूज याच घराण्यातले, आणि नावंही तशीच संतांची. लुक्कात सान पाओलिनो, सान दोनातो. वसईत सान सेबास्तियन, सान पेद्रो. ‘बालुआर्दो’ आणि फ्रेंच ‘बुलव्हार’ यांचं मूळ एकच, तटबंदीसाठीचा एक जर्मानिक शब्द. पॅरिसने तट पाडून त्या जागी रुंद रस्ते केले, त्यांना बुलव्हार हे नाव पडलं. लुक्काने तट ठेवला आणि एकोणिसाव्या शतकात त्याच्या माथ्यावरच झाडांच्या सावलीतला फिरायचा रस्ता केला. आज तिथे लोक सायकली चालवतात. तटावरच्या अशा वाटेला किल्ले हिंडणाऱ्यांचा मराठी शब्द तयार आहे: फांजी. ‘वॉकवे’ लिहू नका, कळकळीची विनंती.

राहिली लुक्काच्या माहितीत येणारी एक गोष्ट, १८१२ चा पूर. त्या नोव्हेंबरात सेर्क्यो नदी फुगून शहरावर आली. दरवाजे लावून घेतले आणि तोफगोळ्यांसाठी बांधलेल्या त्या तटाने पाणी बाहेर थोपवून धरलं. शहराची राज्यकर्ती, नेपोलियनची बहीण एलिसा, तेव्हा बाहेर अडकली होती. दरवाजा उघडता येईना म्हणून तिला यारीने उचलून आत घेतलं, असं सांगतात. संस्कृतात तट म्हणजे आधी नदीचा काठच. त्यामुळे पुराबद्दल लिहिताना ‘तटबंदीने पूर अडवला’ असं लिहू नका; इथे नुसतं ‘तटाने’च हवं.